इन्शुलिनच्या ओहोटीचा शोध

प्रकार दोनचा मधुमेह इन्शुलिनच्या कमतरतेमुळे होतो की इन्शुलिन असूनही ते शरीराला लागू पडत नाही म्हणून होतो, हा विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या वादांपैकी एक होता. त्याचे उत्तर हाती येण्यास अनेक दशके लागली, आणि या विलंबाचे मुख्य कारण असे की रोग्याच्या रक्तातील इन्शुलिन बहुधा एकदाच, एका ठरावीक घटकेला मोजले जात होते. स्वादुपिंडातून होणारा इन्शुलिनचा स्राव मिनिटामिनिटाला बदलतो आणि तोच स्राव वर्षानुवर्षांच्या मापानेही बदलत जातो. या दोन्ही काळांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या गेल्या तेव्हा कुठे या रोगाचे खरे रूप दिसू लागले. त्यामुळे या शोधाचा इतिहास हा मोजमापाच्या साधनांचा जितका इतिहास आहे, तितकाच माणसांच्या एकाच समूहाकडे चिकाटीने, दहा-वीस वर्षे पाहत राहण्याच्या वृत्तीचाही आहे.

मधुमेहाचे रोगी सगळे सारखे नसतात ही जाणीव फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे जन्मजात आणि आहारविहाराच्या दोषाने होणारा, असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातील रोगी कृश व अल्पाहारी आणि दुसऱ्यातील स्थूल, बहुभक्षी व बैठ्या सवयींचा असतो असे वर्णन आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात अपोलिनेर बूशार्दा या फ्रेंच वैद्याने 1870-71 मध्ये पॅरिसला पडलेल्या वेढ्याच्या काळात, अन्नाचा तुटवडा असताना, आपल्या काही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे नोंदवले, तर एतिएन लाँसरो यांनी कृश आणि लठ्ठ मधुमेही यांत भेद करून कृश प्रकाराचा संबंध स्वादुपिंडाच्या विकाराशी जोडला. 1889 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओस्कार मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्याला तीव्र मधुमेह होतो हे दाखवले. पाउल लँगरहान्स यांनी 1869 मध्ये वर्णन केलेल्या, स्वादुपिंडात विखुरलेल्या पेशींच्या लहान पुंजक्यांत मधुमेही रोग्यांच्या बाबतीत काही विकृती आढळते, हे 1901 च्या सुमारास बाल्टिमोरच्या यूजीन ओपी यांनी मांडले. पुढे 1921-22 मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी याच पुंजक्यांत तयार होणारे इन्शुलिन वेगळे काढले, मरणपंथाला लागलेली मुले त्याच्या इंजेक्शनाने उठून बसली, आणि मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा अभाव हे समीकरण सर्वमान्य झाले.

या समीकरणाला पहिला गंभीर धक्का लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी 1936 मध्ये दिला. त्यांनी रोग्याला तोंडावाटे ग्लुकोज दिले आणि त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन टोचले, आणि पुढच्या काही वेळात रक्तशर्करा कशी वागते ते पाहिले. काही रोग्यांत इन्शुलिनने शर्करेची वाढ पूर्णपणे रोखून धरली, तर काहींत, विशेषतः उतारवयातील व स्थूल रोग्यांत, इन्शुलिन दिले किंवा न दिले तरी शर्करा जवळजवळ सारखीच चढली. इन्शुलिनला संवेदनशील आणि असंवेदनशील असे मधुमेहाचे दोन वर्ग असावेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी रोग्याच्या स्वतःच्या इन्शुलिनचे मोजमाप केले नव्हते आणि त्या काळी ते करता येण्यासारखेही नव्हते, तरी बाहेरून दिलेल्या इन्शुलिनचा परिणाम पाहून त्यांनी जे ताडले ते पुढे बरेचसे खरे ठरले, आणि हे त्यांच्या निरीक्षणशक्तीचे मोठेपण होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील माँपेल्ये येथे आणखी एक पुरावा अनपेक्षितपणे हाती आला. विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देताना 1942 मध्ये मार्सेल जाँबों यांना दिसले की या रोग्यांची रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली जाते. ओगुस्त लूबातिएर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून सिद्ध केले की हा परिणाम स्वादुपिंड जागेवर असेल तरच होतो, काढून टाकले असेल तर होत नाही. या औषधाच्या वंशातील गोळ्या पुढे मधुमेहावर वापरात आल्या आणि उतारवयातील कित्येक रोग्यांना त्या लागू पडल्या, याचा अर्थ या रोग्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन शिल्लक होते.

शिल्लक किती होते, हे मोजण्याची अडचण फार मोठी होती. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तद्रवात उपाशीपोटी असणारे इन्शुलिन एका ग्रॅमच्या एक अब्जांश भागाहूनही कमी असते, आणि त्या काळच्या रसायनशास्त्राकडे एवढा सूक्ष्म पदार्थ पकडण्याचे साधन नव्हते. 1951 मध्ये जोसेफ बोर्नस्टाइन आणि रॉबिन लॉरेन्स यांनी यावर जिवंत प्राण्याचा उपाय शोधला. ज्या उंदरांना रसायनाने मधुमेही केले आहे आणि ज्यांच्या पीयूषिका व अधिवृक्क या ग्रंथी काढून टाकल्या आहेत असे, इन्शुलिनच्या बाबतीत विलक्षण हळवे झालेले उंदीर घेऊन त्यांना रोग्याचा रक्तद्रव टोचायचा आणि त्यांची शर्करा किती उतरते यावरून इन्शुलिनचा अंदाज करायचा, अशी ती पद्धत होती. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये काम करणारे लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि इन्शुलिनच्या शोधानेच त्यांचा जीव वाचला होता. त्यामुळे आपल्या रोग्यांतील हा भेद त्यांना केवळ पुस्तकी वाटत नसावा. तरुण, कृश आणि झपाट्याने खंगत जाणाऱ्या रोग्यांच्या रक्तात त्यांना इन्शुलिन सापडले नाही, आणि वयस्क, स्थूल रोग्यांच्या रक्तात ते सापडले.

अचूक मोजमापाचे युग सुरू झाले ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात. तेथे पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक रोझलिन यॅलो आणि वैद्य सॉलोमन बर्सन हे दोघे एका वेगळ्याच शंकेचा निकाल लावत होते. प्रौढांच्या मधुमेहात यकृतातील एक विकर इन्शुलिनचा फार लवकर नाश करते, अशी एक उपपत्ती त्या वेळी पुढे आली होती. ती खरी असेल तर किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन मधुमेह्याच्या रक्तातून लवकर नाहीसे व्हायला हवे. प्रत्यक्षात ते निरोगी माणसाच्या मानाने अधिक काळ रेंगाळत राहिले. याचे कारण शोधताना त्यांच्या ध्यानात आले की ज्यांना पूर्वी बैलांच्या किंवा डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेले इन्शुलिन टोचले गेले आहे, त्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाला धरून ठेवणारी प्रथिने, तयार झाली आहेत. इन्शुलिनएवढ्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात हे त्या काळच्या परीक्षकांना पटेना. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा लेख परत केला आणि दुसऱ्याने तो 1956 मध्ये छापला तेव्हा शीर्षकातील प्रतिपिंड हा शब्द गाळावा लागला. पण याच प्रतिपिंडांत मोजमापाची युक्ती दडलेली होती. गिनीपिगमध्ये तयार केलेली प्रतिपिंडे नळीत घ्यायची, तीत ठरावीक मात्रेत किरणोत्सारी इन्शुलिन घालायचे आणि मग रोग्याचा रक्तद्रव मिसळायचा. रोग्याचे स्वतःचे इन्शुलिन जितके अधिक, तितक्या अधिक जागा ते प्रतिपिंडांवर अडवते आणि तितके किरणोत्सारी इन्शुलिन मोकळे राहते, म्हणून मोकळ्या भागाची किरणोत्सारिता मोजली की मूळ इन्शुलिनचे प्रमाण कळते. 1959-60 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचे पेटंट त्या दोघांनी घेतले नाही आणि जगभरच्या प्रयोगशाळांना ती मोकळेपणाने शिकवली, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आदराने नोंदवण्यासारखी आहे. यॅलो यांना 1977 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन 1972 मध्येच निवर्तले होते.

या पद्धतीने मिळालेले पहिले आकडे सर्वांना चकित करणारे होते. प्रौढ मधुमेह्यांना ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी त्यांच्या रक्तातील इन्शुलिन निरोगी माणसांपेक्षा कमी भरण्याऐवजी पुष्कळदा जास्तच भरले. त्यावरून असा सरसकट अर्थ काढला गेला की या रोगात स्वादुपिंड शाबूत असते, किंबहुना जास्तच काम करत असते, आणि सारा दोष इन्शुलिनला दाद न देणाऱ्या स्नायूंचा, चरबीचा व यकृताचा असतो. या अर्थाने पुढची दोन-तीन दशके संशोधनावर आपली छाप ठेवली. आकडे खोटे नव्हते. ते एका क्षणाचे होते, आणि कोणत्या परिस्थितीत इन्शुलिन एवढे आहे हा प्रश्न त्यांच्याबरोबर विचारला गेला नव्हता, एवढाच त्यांचा दोष होता.

हा प्रश्न सेंट लुईस येथील डेव्हिड किप्निस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास विचारला. स्थूल मधुमेह्याची तुलना सडपातळ निरोगी माणसाशी केली तर त्याचे इन्शुलिन जास्त दिसणारच, कारण स्थूलपणा स्वतःच इन्शुलिनची गरज वाढवतो. तीच तुलना तेवढ्याच स्थूल पण निरोगी माणसाशी केली, आणि दोघांची रक्तशर्कराही लक्षात घेतली, तर मधुमेह्याचा स्राव उघडपणे तोकडा पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. एखाद्या माणसाची रक्तशर्करा दर 100 मिलिलिटरला 250 मिलिग्रॅम आहे आणि तिच्यासमोर त्याचे स्वादुपिंड निरोगी माणूस 120 ला सोडतो तेवढेच इन्शुलिन सोडत असेल, तर त्या स्वादुपिंडाला शाबूत म्हणता येत नाही, हा त्यातला सरळ मुद्दा होता.

त्याच सुमारास काळाचे लहान माप हाती आले. सॅन फ्रान्सिस्कोत जेरॉल्ड ग्रॉडस्की आणि त्यांचे सहकारी उंदराचे स्वादुपिंड शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यातून ग्लुकोजचा द्राव सोडत होते आणि दर मिनिटाला बाहेर येणारे इन्शुलिन मोजत होते. 1968 मध्ये त्यांनी दाखवले की ग्लुकोज पोहोचताच स्वादुपिंड इन्शुलिनचा एक जोरकस, अल्पकाळ टिकणारा झोत सोडते, मग स्राव क्षणभर ओसरतो आणि नंतर हळूहळू चढत जाऊन ग्लुकोज असेपर्यंत टिकून राहतो. पहिला झोत हा बीटा पेशींत, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींत, आधीच तयार होऊन पडद्यालगत येऊन थांबलेल्या साठ्याचा असतो, आणि दुसरा संथ भाग मागून पुढे आणल्या जाणाऱ्या साठ्याचा व नव्याने घडणाऱ्या इन्शुलिनचा असतो. माणसात शिरेतून ग्लुकोज टोचल्यावर हा पहिला टप्पा सुमारे दहा मिनिटांत आटोपतो. स्टॉकहोम येथे एरोल सेरासी व रॉल्फ लुफ्ट यांनी 1967 मध्ये, आणि सिअॅटल येथे डॅनियल पोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षांत, मधुमेह्यांत नेमका हाच पहिला टप्पा हरवलेला असतो हे मांडले. सिअॅटलच्या गटाने 1976 मध्ये दिलेली नोंद तर अधिकच विचार करायला लावणारी होती: उपाशीपोटीची शर्करा 115 मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांत पहिला टप्पा जवळजवळ उरतच नव्हता. त्या काळी 115 हा आकडा कोणी मधुमेहाचा मानत नसे. म्हणजे रोगाचे नाव लागण्याच्या कितीतरी आधी स्रावाचा एक पूर्ण भाग नाहीसा झालेला होता.

हा दहा मिनिटांचा झोत आकाराने लहान असला तरी त्याचे काम मोठे आहे. यकृत दोन जेवणांच्या मधल्या काळात स्वतः रक्तात ग्लुकोज सोडत असते. जेवणाच्या आरंभीच इन्शुलिन यकृतात पोहोचले की ते हे काम थांबवते. आरंभीचा झोत चुकला की यकृताचे ग्लुकोज आणि ताटातले ग्लुकोज एकाच वेळी रक्तात येतात, शर्करा उंच चढते, आणि मग त्या चढलेल्या शर्करेमुळे स्वादुपिंडाला उशिरा, दुसऱ्या तासात, जास्त इन्शुलिन सोडावे लागते. दोन तासांनी दिसलेल्या ज्या इन्शुलिनने ब्राँक्समध्ये सर्वांना चकित केले होते, त्यातील बराच भाग या उशिराच्या धावपळीचा होता. आणखी एक भाग तर इन्शुलिनचा नव्हताच. शिकागोचे डोनाल्ड स्टायनर यांनी 1967 मध्ये दाखवले होते की बीटा पेशी आधी एक लांब पूर्वरूप, म्हणजे प्रोइन्शुलिन, तयार करतात आणि त्यातून सी-पेप्टाइड नावाचा तुकडा कापून टाकल्यावर इन्शुलिन सिद्ध होते. थकलेल्या बीटा पेशींतून हे अर्धवट पूर्वरूप जास्त प्रमाणात बाहेर पडते आणि जुन्या मोजणीतील प्रतिपिंडे त्यालाही इन्शुलिन समजून मोजत असत. केंब्रिजच्या निकोलस हेल्स यांच्या गटाने 1989 मध्ये दोघांना वेगळे ओळखणारी पद्धत वापरली, तेव्हा प्रकार दोनच्या मधुमेह्यांतील खऱ्या इन्शुलिनचा तुटवडा उघडा पडला.

कापून टाकलेल्या सी-पेप्टाइडचाही मोठा उपयोग झाला. बाहेर पडणाऱ्या इन्शुलिनपैकी जवळजवळ निम्मे यकृत पहिल्याच फेरीत शोषून घेते, त्यामुळे दंडाच्या शिरेतील इन्शुलिनवरून मूळ स्रावाचा अंदाज चुकतो; सी-पेप्टाइड मात्र इन्शुलिनच्या रेणूगणिक एक असे बाहेर पडते आणि यकृत त्याला जवळजवळ हात लावत नाही. याच्या आधारे शिकागोत केनेथ पोलोन्स्की यांनी 1988 मध्ये पूर्ण चोवीस तास, थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून स्रावाचा आलेख काढला. निरोगी माणसात प्रत्येक जेवणानंतर स्राव झपाट्याने उंचावून पुन्हा खाली येतो. मधुमेह्यांत दिवसाकाठी होणारा एकूण स्राव फारसा कमी नसतानाही जेवणानंतरचे हे उंचवटे बसके, उशिराचे आणि विस्कळीत होते.

स्राव आणि गरज यांचा मेळ गणिताने घालण्याचे काम रिचर्ड बर्गमन यांनी 1980 च्या सुमारास केले. शरीराची इन्शुलिनबद्दलची संवेदनशीलता निम्म्यावर आली तर निरोगी स्वादुपिंड आपला स्राव दुप्पट करते, म्हणजे दोहोंचा गुणाकार जवळपास कायम राहतो. म्हणून स्वादुपिंडाची योग्यता ठरवायची तर केवळ स्राव पाहून भागत नाही, हा गुणाकार पाहावा लागतो. हिम्सवर्थचा प्रतिरोध आणि किप्निसचा तोकडा स्राव या दोन पक्षांतील भांडण या एका कल्पनेने बरेचसे मिटवले. आता उरले होते ते मोठ्या काळाचे माप, आणि त्यासाठी माणसे निरोगी असताना गाठून पुढे वर्षानुवर्षे त्यांची तपासणी करत राहणे भाग होते.

असे काम सर्वांत चिकाटीने झाले ते अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात, गिला नदीच्या काठी राहणाऱ्या पिमा लोकांमध्ये. हे लोक स्वतःला अकिमेल ओओधम, म्हणजे नदीकाठचे लोक, असे म्हणतात, आणि वाळवंटात कालवे काढून शेती करण्याची त्यांच्या मुलखातील परंपरा अनेक शतकांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवून घेतले, शेते ओसाड पडली, उपासमार झाली, आणि पुढे सरकारी शिध्यातील पांढरे पीठ, साखर व चरबी यांवर या समाजाला गुजराण करावी लागली. 1963 मध्ये संधिवाताच्या पाहणीसाठी आलेल्या सरकारी संशोधकांना त्यांच्यात मधुमेहाचे विलक्षण प्रमाण आढळले आणि 1965 पासून दर दोन वर्षांनी तपासणीचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. मधुमेहाचे निदान कोणत्या आकड्याला करावे याचे जे निकष पुढे जगभर रूढ झाले, त्यांच्या ठरवण्यात या लोकांच्या रक्ताच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. ज्या समाजाचे पाणी हिरावून घेतले गेले त्याच समाजाने आपल्या रोगातून साऱ्या जगाला ज्ञान दिले, हे ऋण मधुमेहाच्या इतिहासकाराने स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजे. हा रोग केवळ त्यांच्या रक्तात लिहिलेला होता असेही म्हणता येत नाही, कारण मेक्सिकोच्या डोंगरात कष्टाची शेती करून राहणाऱ्या त्यांच्या भाईबंदांत मधुमेहाचे प्रमाण 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सुमारे 7 टक्के होते, तर अॅरिझोनात ते 38 टक्के होते.

याच अभ्यासातून 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंध या विषयातील मैलाचा दगड ठरला. त्यात 48 माणसांची, सर्वांची शर्करा आरंभी सामान्य असताना, इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि स्रावाचा पहिला टप्पा या दोन्ही गोष्टींची मोजणी झाली होती, आणि पुढील सुमारे पाच वर्षांत ती पुन्हा पुन्हा केली गेली. त्यांपैकी 17 जण मधुमेही झाले आणि 31 जणांची शर्करा सामान्य राहिली. वजन दोन्ही गटांत वाढले, इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही दोन्ही गटांत मंदावला. पण जे निरोगी राहिले त्यांच्या स्वादुपिंडाने या वाढत्या गरजेला स्राव वाढवून उत्तर दिले, आणि जे मधुमेही झाले त्यांचा पहिल्या टप्प्याचा स्राव शर्करा किंचित वाढण्याच्या पायरीवरच घटू लागला व मधुमेह जडेपर्यंत पाऊण हिश्श्याहून अधिक उतरला. सारख्याच ओझ्याखाली एक स्वादुपिंड टिकते आणि दुसरे खचते, ही गोष्ट एकाच समाजातील, एकाच राहणीच्या माणसांत अशा रीतीने प्रथमच दिसली.

रोग जडल्यानंतर काय होते, याचे उत्तर इंग्लंडमधून आले. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर आणि रुरी होलमन यांच्या नेतृत्वाखाली 1977 मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश मधुमेह अभ्यासात 23 केंद्रांतून नव्याने निदान झालेले 5102 रोगी घेतले गेले. एवढ्या माणसांचा शिकागोसारखा चोवीस तासांचा आलेख काढणे अशक्य होते. म्हणून याच ऑक्सफर्डच्या गटातील डेव्हिड मॅथ्यूज यांनी 1985 मध्ये मांडलेले, उपाशीपोटीची शर्करा व उपाशीपोटीचे इन्शुलिन या दोनच आकड्यांवरून बीटा पेशींच्या कार्याचा अदमास करणारे सूत्र वापरण्यात आले. निदानाच्या वेळीच हे कार्य निरोगी माणसाच्या साधारण निम्मे भरले, आणि केवळ पथ्यावर ठेवलेल्यांत सहाव्या वर्षी ते पाव हिश्श्याच्या आसपास आले. स्राव वाढवणाऱ्या गोळ्या दिलेल्यांत ते पहिल्या वर्षी चांगलेच वर गेले, पण त्यानंतर त्यांचीही रेषा इतरांच्याच उताराने खाली येत राहिली. नऊ वर्षांनी एकाच औषधावर शर्करा आटोक्यात राहिलेले रोगी सुमारे एक चतुर्थांश उरले. तोपर्यंत दवाखान्यांत गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की त्याचा दोष रोग्याच्या पथ्यपाण्यावर ढकलण्याची सर्रास पद्धत होती. गोड न खाता, नेमाने चालून, गोळी न चुकवताही ज्याची शुगर वाढत गेली अशा असंख्य माणसांना या आकड्यांनी न्याय दिला.

या रेषेला मागे, निदानाच्या आधीच्या काळात सरळ वाढवून काही अभ्यासकांनी असा अंदाज केला की स्रावाचा ऱ्हास निदानाच्या दहा-बारा वर्षे आधी सुरू होत असावा. हा अंदाज पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत इतका रुजला की तो मोजलेलाच आहे असे वाटू लागले. प्रत्यक्ष मोजणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली: लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातील 6538 जणांपैकी 505 जण यथावकाश मधुमेही झाले, आणि त्यांच्या आधीच्या नोंदी उलट क्रमाने लावल्या असता दिसले की बीटा पेशींचे कार्य निदानाच्या चार वर्षे आधी 85 टक्क्यांवर होते, तीन वर्षे आधी ते 93 च्या जवळ चढले आणि तेथून निदानापर्यंत 62 वर घसरले. म्हणजे उतार सर्वत्र सारखा नव्हता; आधी वाढत्या गरजेला पुरे पडण्याची धडपड होती आणि मग थोड्याच वर्षांत झालेली पडझड होती.

ही पडझड कशामुळे होते, यावर अजून एकमत नाही. पीटर बटलर यांनी 2003 मध्ये 124 शवविच्छेदनांतील स्वादुपिंडे तपासून स्थूल मधुमेह्यांत बीटा पेशींचे आकारमान तेवढ्याच स्थूल निरोगी माणसांपेक्षा 63 टक्क्यांनी आणि सडपातळ मधुमेह्यांत सडपातळ निरोगी माणसांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी असल्याचे दाखवले, त्यामुळे पेशी मरतात असा पक्ष बळावला. पण त्याच्याशी न जुळणारे पुरावेही येत होते. चीनमधील एका मोठ्या प्रयोगात नव्या रोग्यांना आरंभीच काही आठवडे भरपूर इन्शुलिन देऊन शर्करा पूर्ण आटोक्यात आणली, तेव्हा त्यांचा हरवलेला पहिला टप्पा काही अंशी परतला आणि निम्म्याच्या आसपास रोगी वर्षभरानंतरही औषधावाचून राहू शकले. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी 2011 मध्ये अकरा रोग्यांना आठ आठवडे दिवसाला केवळ 600 कॅलरींचा आहार दिला. उपाशीपोटीची शर्करा आठवड्याभरात सामान्य झाली आणि स्वादुपिंडातील चरबी उतरत गेली तसा स्रावाचा पहिला टप्पाही परत आला. त्यानंतरच्या मोठ्या प्रयोगात वजन उतरवलेल्या गटापैकी 46 टक्के रोगी वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहमुक्त होते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तेव्हा निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तरी पुष्कळ पेशी मेलेल्या नसतात, वाढलेल्या शर्करेने व चरबीने त्यांचे काम बंद पडलेले असते, असे मानणे भाग आहे.

हा सारा इतिहास बहुतांशी स्थूल माणसांच्या रोगाचा आहे, आणि महाराष्ट्रातील रोगी त्यात नीट बसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांना 1980 च्या दशकापासून दिसत होते की त्यांचे रोगी पाश्चात्त्य रोग्यांपेक्षा वयाने कितीतरी लहान आणि अंगाने सडपातळ आहेत. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून नोंद ठेवण्यास आरंभ केला. तेथे जन्मलेली बाळे सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची, तरीही पुण्याच्या बाळांत स्नायू व उदरातील अवयव खुजे राहून त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी झालेली नव्हती, आणि लंडनमधील गोऱ्या बाळांशी केलेल्या एका तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिन अधिक आढळले. या गावांतील मुलामुलींची सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी झाली. अठराव्या वर्षी त्यांतील निम्मी वजनाने कमीच होती, पण मुलग्यांपैकी सुमारे 37 टक्क्यांची आणि मुलींपैकी 18 टक्क्यांची शर्करा मधुमेहपूर्व अवस्थेत पोहोचली होती. ज्यांची पोहोचली होती त्यांची उपाशीपोटीची शर्करा सहाव्या वर्षीही इतरांहून वरच्या अंगाला होती, गरजेच्या मानाने स्राव वाढवण्याची त्यांच्या बीटा पेशींची शक्ती तोकडी होती, आणि पोटातील वाढही खुंटलेली होती. जन्माच्या वेळचे अधिक इन्शुलिन आणि अठराव्या वर्षीचा तोकडा स्राव या दोन नोंदींच्या मधला काळ अजून पुरता उलगडलेला नाही. पुण्यातील तरुण वयात मधुमेह झालेल्या रोग्यांची स्वीडनमध्ये सुचवलेल्या नव्या वर्गवारीने विभागणी केली असता त्यांतही सर्वांत मोठा गट इन्शुलिनच्या तीव्र कमतरतेचा निघाला, तर युरोपात सौम्य प्रकारांचे गट मोठे आहेत. रोगाचे मूळ पोटातील वाढीत असेल तर उपायही आईबापांच्या पोषणापासून व्हावा, या विचाराने पुण्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये त्याच अभ्यासातील वयात आलेल्या मुलामुलींना ब 12 जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग हाती घेतला, आणि त्या मुलींना पुढे झालेल्या बाळांच्या नोंदीही ठेवण्यात आल्या.